मगर-मॅडमची आई

अंदमानला जाऊन आले म्हटलं की शेजारणी पहिलं विचारतात, तुरुंग बघितला का? नाही बघितला. मग विचारतात, तळ दिसणाऱ्या काचेच्या बोटीत तरी बसलात का? नाही बसलो. यावर त्यांचा चेहरा असा होतो की मग एवढ्या लांब गेला कशाला. दारात उभ्या उभ्या सगळं सांगणं काही जमत नाही, म्हणून लिहून काढते आहे. आम्ही गेलो होतो लेकीला परत आणायला.

मुक्ता आमची एकुलती एक. प्राणिशास्त्र शिकली आणि उत्तर अंदमानात डिगलीपूर म्हणून गाव आहे तिकडं कामाला गेली. तिथं सॅडल पीक नावाचा डोंगर आहे आणि त्याच्याभोवती राष्ट्रीय उद्यान. "कासवांचं काम आहे गं आई," असं तिनं मला सांगितलं होतं. कासव म्हटल्यावर मी गप्प बसले. कासव कुणाला काय करणार? वर्षाचा करार संपत आला तसं तिला अजून तीन वर्षं राहा म्हणून विचारणा झाली. तिचा फोन आला, "तू आणि पप्पा एकदा येऊन बघून जा. बघून तू नको म्हणालीस तर मी तुमच्याबरोबरच सामान बांधून येते. शब्द देते."

सगळं माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द मी सांगलीतनं निघतानाच बरोबर घेतला होता. नको.

निघण्याआधी

माझी भीती समजायची तर माझं माहेर समजलं पाहिजे. माहेर कृष्णाकाठचं. उसाचं रान संपलं की चिंचेची झाडं, मग घाटाच्या पायऱ्या आणि खाली नदी. नदीत सुसर. पुस्तकात तिला मगर म्हणतात, आमच्या गावात सुसर. उन्हाला वाळूवर पडलेली असायची आणि बायका पलीकडं धुणं धूत असायच्या, इतकी रोजची. पण माझा थोरला भाऊ आप्पा एकदा म्हशीला पाणी पाजायला उतरला आणि त्याचा डावा हात सुसरीनं धरला. लोकांनी काठ्या मारून सोडवला. हात राहिला, त्यावरची दोन बोटं गेली. मी काठावर होते. आजही आप्पा राखीला हात पुढं करतो तेव्हा उजवाच करतो आणि माझी नजर डाव्याकडं जाते.

त्यामुळं आमच्या घाटावर दोन नेम कडक होते. उतरण्याआधी पाण्यावर तळहातानं फाडफाड थापा मारायच्या, म्हणजे सुसर आवाजानं बाजूला होते. आणि वर येताना पाण्याला पाठ दाखवायची नाही. तोंड नदीकडं ठेवून मागं मागं सरकत पायऱ्या चढायच्या. ओल्या कपड्यांची बादली काखेत घेऊन उलट्या पायऱ्या चढणाऱ्या बायका बघून नवखा माणूस हसायचा. मुक्ता सुट्टीत आजोळी गेली की आप्पा तिला घाटावर न्यायचा आणि ती धावत वर निघाली की ओरडायचा, "ए पोरी, पाण्याला पाठ दावू नगं!"

आमचे हे मात्र कवठे महांकाळचे. तिकडं पाणी म्हणजे टँकर, नाहीतर आभाळाकडं बघणं. सांगलीच्या मार्केटात हळदीचं दुकान टाकून इतकी वर्षं झाली, पण अजून आयर्विन पुलावरून जाताना हे गाडी हळू करून नदी बघतात. पाण्याची भीती म्हणून नाहीच. पोहायला येत नाही तरी नाही.

सामानात मी भडंग, शेंगदाण्याची चटणी, गुळाची ढेप, राजापुरी हळदीची पिशवी आणि एक खणनारळ घेतला. माझी आई दर वर्षी कृष्णेची ओटी भरायची, पोरंबाळं पाण्यात उतरतात म्हणून. नारळ बघून हे खोखो हसले. "अंदमानला नारळ घिऊन चाललीस? उद्या मार्केटात कोन भायेरनं हळद घिऊन इकायला बसंल तसं झालं की गं हे!"

हळदीचा हंगाम तोंडावर आलेला असताना दुकान पुतण्यावर टाकून हे आनंदानं निघाले, याचाच खरं तर मला संशय यायला हवा होता.

डिगलीपूर

विमानं, बस, बसमधलं उलट्यांचं औषध हे सगळं वगळते. पोर्ट ब्लेअरचं आता नाव बदललं आहे, पण बसवाले अजून जुन्याच नावानं ओरडतात. तिथून दिवसभर उत्तरेकडं गेलं की डिगलीपूर. भातशेती, सुपारीच्या बागा, पत्र्याची आणि बांबूची घरं. बंगालातून पूर्वी आणून वसवलेली पुष्कळ कुटुंबं इथं आहेत. मुक्ता राहते ते घर मंडलदांचं. ते नाव चालवतात, बायको खानावळीसारखं दोन-चार माणसांचं जेवण करते.

मुक्ता काळी पडली होती, गालफाडं वर आली होती. मी तिचे दोन्ही हात हातात घेऊन आधी बोटं बघितली. सगळी होती. नडगीवर एक लांब व्रण होता. "प्रवाळावर घासलं," म्हणाली. तो व्रण माझ्या डोळ्यांत बसला.

ताटात भात आणि मोहरी वाटून केलेला मासा आला. ह्यांनी काटे काढता काढता रश्श्याचं बोट वर धरलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हळद कुठली वापरतायसा?" मुक्तानं हिंदीतून विचारलं. मंडलदांची बायको हसली, पुडी दाखवली. ह्यांनी लगेच आपली पिशवी सोडली, चिमूटभर तिच्या तळहातावर चोळली आणि रंग बघायला लावला. धंदा रक्तातच असतो माणसाच्या.

एवढ्यात मंडलदा आले. माझ्याकडं बघून नमस्कार करत म्हणाले, "आप ही मगर-मैडम की मम्मी हैं? पूरा गाँव मैडम को पहचानता है. खाड़ी में मगर देखने में इनके जैसा कोई नहीं."

माझ्या हातातला घास ताटात पडला. मी मुक्ताकडं बघितलं, ती भाताकडं बघत होती. मग मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हेही भाताकडं.

"आवं," मी म्हटलं, "तुमाला म्हाईत हुतं?"

"आता त्येचं काय हाय..." हे म्हणाले.

"व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

"व्हय."

"आई, कासवांचंपण करते मी," मुक्ता म्हणाली. "पण मुख्य काम मगरींचंच आहे. खाऱ्या पाण्यातल्या. त्या कुठं राहतात, किती आहेत, माणसाच्या वस्तीजवळ कुठं येतात, हे बघायचं. तुला सांगितलं असतं तर तू तिकीटसुद्धा काढू दिलं नसतंस."

"न्हाईच दिलं असतं," मी म्हटलं आणि ताट सारून उठले. राग आला होता हे खरं, पण नुसता राग नव्हता. आप्पाचा हात आठवत होता. वर्षभर मी फोन लागला नाही की नेटवर्कला शिव्या देत होते, आणि तेवढ्या वेळात पोरगी सुसरींच्या मागं फिरत होती.

लमिया बे

दुसऱ्या दिवशी मुक्तानं आम्हाला जंगलात नेलं. लमिया बे म्हणून किनारा आहे, तिथून उद्यानाची वाट सुरू होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडांची भिंत. किनाऱ्यावर वाळू कमी, गोल गुळगुळीत गोटेच जास्त. लाट परत जाताना ते गोटे एकमेकांवर घासून आवाज करतात. पावलं जपून टाकावी लागतात.

मी तिच्याशी अबोला धरला होता. पण जंगलात अबोला धरून चालणं अवघड. पावलापावलाला विचारावंसं वाटतं, हे काय आणि ते काय. झाडं इतकी उंच की वर बघताना डोक्यावरचा पदर पडतो. बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटलेले. वेताच्या काटेरी वेली पातळ धरतात. सगळं ओलं, कोमट, कुजक्या पानांचा वास. आपल्याकडं सह्याद्रीत उन्हाळ्यात झाडांचा नुसता सांगाडा राहतो, इथं फेब्रुवारीतही पान गळालेलं दिसत नव्हतं.

"वाघ?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"बिबट्या?"

"नाही पप्पा. कोल्हासुद्धा नाही. बेटावर मोठे शिकारी प्राणी पोचलेच नाहीत. जे पोचलं ते पोहत, उडत, नाहीतर ओंडक्यावर बसून आलं."

"म्हंजे आपल्या उंब्रजपरास बरं म्हनायचं," हे मला ऐकू जाईल असं म्हणाले. उंब्रजला माझी नणंद असते. तिच्या उसात बिबट्या व्याला तेव्हापासून ती दुपारी परड्यातसुद्धा एकटी जात नाही. "बग, आक्काच्या शेतापरास पोरगी हितं सुकात हाय."

मी पदर सावरून पुढं चालू लागले.

केवड्याच्या पानावर एक पाल दिसली. पाल म्हटलं की मी चार हात लांब, पण ही हिरवीगार होती, पाठीवर तांबडे ठिपके, नव्या लुगड्याच्या काठासारखी. "ही फक्त अंदमानात," मुक्ता म्हणाली. एक काळा सुतारपक्षी झाडावर ठकठक करत होता, तोही फक्त इथलाच. शंखांत राहणारे खेकडे तर इतके, की बसायला जागा शोधावी तर दगडच चालू लागतो. पुढं ओढ्याकाठी घोरपड आली. माणसाएवढी लांब होती. जीभ आतबाहेर करत, आम्हाला न जुमानता पाण्यात उतरली आणि पोहत गेली. मी किंचाळले. मुक्तानं माझा दंड धरला. "ती काही करत नाही." अबोला तिथंच सुटला.

किनाऱ्यावर परत आलो तिथं पिवळी पाटी होती. तोंड उघडलेल्या मगरीचं चित्र आणि खाली पाण्यात उतरू नका असं लिहिलेलं.

"समुद्रावर कशाला लावलीय? नदीत असतील की," मी विचारलं.

"आई, इथल्या मगरी समुद्रातपण जातात. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहतात."

मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. खारं पाणी, लाटा, तळ दिसेल असं निळं. अशा पाण्यात सुसर? सुसरीला गढूळ, संथ पाणी लागतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

खाडी

"काम बघायचंय ना, मग चल," असं मुक्ताच म्हणाली. मला जायचं नव्हतं आणि ती एकटी जाताना काठावर थांबायचंही नव्हतं. शेवटी मंडलदांच्या नावेत बसले. हे पुढं बसले, फोन घेऊन, वरातीला निघाल्यासारखे.

खाडीत शिरल्यावर आवाज बदलतो. समुद्र मागं राहतो आणि दोन्हीकडून तिवरांची झाडं अंगावर येतात. मुळं जमिनीतून वर आलेली, काही धनुष्यासारखी वाकून पाण्यात शिरलेली. चिखलात बोटभर मासे चक्क पाण्याबाहेर उड्या मारत होते. एक नांगी मोठी, एक बारकी असे लाल खेकडे नांग्या हलवत होते. मुक्ता म्हणाली की ही झाडं आहेत म्हणून मासे आहेत, मासे आहेत म्हणून मगर आहे, आणि वादळात गाव वाचतं तेही ह्या झाडांमुळं. सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसरी कुणाची लेक असती तर मला कौतुक वाटलं असतं.

मग तिनं हात वर केला. मंडलदांनी इंजिन बंद केलं. चिखलावर घसरगुंडीसारखी ओली रेघ होती आणि रेघेच्या टोकाला ती पडली होती. आमच्या कृष्णेतली सुसर मी पुष्कळ बघितली आहे, पण ही तिची आजी शोभेल एवढी. जबडा मिटलेला असूनही दात बाहेर. मुक्ता दुर्बीण लावून हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मंडलदा ऐकत होते. मी नावेची कड इतकी घट्ट धरली होती की नंतर तळहातावर वळ उठले. ती उठली नाही, पळाली नाही, नुसती चिखलावरून घसरली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. बुडबुडा नाही, तरंग नाही. मुक्ता हसत आमच्याकडं वळली, "छान दिसली ना?"

तिचं हसणं बघून मला कापरं भरलं. मगर बघून भरलं नव्हतं एवढं. रात्री बॅटरी मारून डोळ्यांच्या चमकेवरून मगरींना मोजतात, असं ती पुढं सांगत होती. मी फक्त तिच्या हातांकडं बघत होते. पोरीला भीतीच वाटत नाही. ज्याला भीती वाटत नाही तो माणूस एक ना एक दिवस चुकतो, आणि पाण्यात चूक एकदाच होते. नको म्हणायचं, आजच म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं.

पण संध्याकाळी ती आम्हाला कालीपूरच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. कुंपणात वाळूखाली ठेवलेल्या अंड्यांतून कासवाची पिल्लं निघाली होती आणि ती समुद्रात सोडायची होती. पिल्लू हातात मावेल एवढं, काळं, सारखे पाय हलवणारं. वाळूवर ठेवली तशी सगळी पाण्याकडं निघाली. एक उलटं पडलं, ह्यांनी वाकून सरळ केलं. हळदीचे सौदे करताना कुणाला दाद न देणारा हा माणूस, डोळे पुसायला लागला.

"एकाचीबी आय न्हाई बग बरुबर," हे म्हणाले.

"कासवीन शानी," मी म्हटलं. "अंडी घालती आन् जाती. जिवाला घोर न्हाई."

मुक्ता हसली. तिला त्यावेळी नको म्हणणं मला जमलं नाही.

ओटी

सकाळी मी लवकर उठले. हे घोरत होते. मुक्ता मागच्या अंगणात नावेचं सामान धूत होती. परत जायचं ते लेकीला घेऊनच जायचं, पण जाण्याआधी ह्या पाण्याचं देणं देऊन टाकावं असं मनात आलं. वर्षभर ह्यानं माझी पोर सांभाळली होती. मी खण, नारळ, हळदकुंकू घेतलं आणि वाटेनं खाली किनाऱ्यावर गेले. खाडी जिथं समुद्राला मिळते ती जागा घरापासून हाकेच्या अंतरावर होती.

ओहोटी होती. पाणी इतकं स्वच्छ की खडे मोजावेत. खाडीच्या आत, त्या काळ्या चिखलाकडं मी गेलेच नाही. तेवढी अक्कल होती मला. जिथं लाटा येत होत्या, पाणी निळं होतं, तिथं उतरले. गुडघ्यापर्यंत बुडाले. तरी नेम तो नेम. खाली वाकून मी पाण्यावर तळहातानं जोरात थापा मारल्या, फाड, फाड, फाड. मग हळदकुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ पाण्यावर ठेवला. हात जोडून म्हटलं, माझ्या पोरीला सुखरूप परत दे. नारळ हेलकावे खात आत जायला लागला. मी वळले आणि किनाऱ्याकडं पाऊल टाकलं.

समोर मुक्ता धावत येत होती. मी कधीही ऐकला नव्हता अशा आवाजात ती ओरडली, "आये! मागं सर! पाण्याला पाठ दावू नगं!"

ती सांगलीत वाढलेली पोर. कधी "आये" म्हणाली नाही, कधी "नगं" म्हणाली नाही. तो आवाज आप्पाचा होता. मेंदूला काही कळायच्या आत माझे पाय वळले. तोंड पाण्याकडं करून मी मागं मागं सरकायला लागले, लहानपणी सरकायचे तशी. आणि म्हणून मला दिसलं.

मी थापा मारल्या होत्या त्या जागेच्या जरा पलीकडं पाणी वर आलं. वारा नव्हता, लाटही नुकतीच परतली होती. दोन गाठी वर आल्या, त्यांच्या मागं खडबडीत पाठीची रेघ. ती माझ्याकडंच बघत होती. मग मुक्तानं मागून मला काखेत धरून ओढलं आणि आम्ही दोघी वाळूवर पडलो, पुन्हा उठलो, पुन्हा मागं सरकलो. झाडापाशी पोचल्यावर बघितलं तर पाण्यावर फक्त नारळ होता आणि खण पसरून तरंगत होता.

"पाण्यावर थापा मारल्यास?" मुक्तानं विचारलं.

"व्हय. सुसर बाजूला हुती त्यानं."

"ती कृष्णेतली, आई! इथली आवाज ऐकून बघायला येते. काहीतरी पाण्यात पडलं, धडपडतंय, असं वाटतं तिला. तू तिला बोलावलंस!"

आणि ती रडायला लागली. हमसून हमसून. माझ्या खांद्यात नखं रुतवून, लहानपणी ताप आला की धरायची तसं धरून. दात वाजत होते. मी तिला जवळ घेतलं आणि आयुष्यात कधी वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं. ते सुख होतं. सुसरीच्या तोंडातून आलेल्या बाईला सुख वाटावं, हे लिहितानासुद्धा विचित्र दिसतं.

"तुला भ्या वाटतं?" मी विचारलं.

"रोज वाटतं," ती म्हणाली. "नावेत पाय ठेवताना रोज आप्पामामाचा हात आठवतो. मग मी सगळं दोनदा तपासते. मंडलदा चिडतात. काल तुझ्यासमोर हसले कारण तू घाबरली होतीस."

मला वाटत होतं पोरीला भीती नाही, आणि माझी सगळी भीती तीच होती.

एवढ्यात हे आले, टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश. आम्हाला दोघींना वाळूनं माखलेलं बघून म्हणाले, "काय झालं गं? एवढ्या सकाळी पोवायला गेल्तासा व्हय?" मुक्तानं सांगितलं तेव्हा हे मटकन खाली बसले. त्यानंतर परत येईपर्यंत ह्यांनी पाण्याचं कौतुक केलं नाही. बादलीतल्या पाण्याचंसुद्धा.

त्या दिवशी मुक्तानं मंडलदांना घेऊन किनाऱ्यावरच्या घरोघरी निरोप दिला की पाण्यापाशी जाऊ नका, जनावर खाडीच्या मुखापाशी आलंय. लोक तिचं ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं लगेच बदकं आत घेतली. मी ओसरीत बसून बघत होते. दोन नेम घेऊन मी आले होते. एक खोटा ठरला, आणि दुसऱ्यानं माझा जीव वाचवला. तो दुसरा मी मुक्ताला दिलेला नव्हता, आप्पानं दिला होता. आठ बोटांच्या माणसानं.

एरियल बे

परतीला आम्ही बोट धरली. एरियल बे म्हणून धक्का आहे, तिथून पोर्ट ब्लेअरची बोट सुटते. मंडलदांच्या बायकोनं सुकवलेली सुपारी दिली. ह्यांनी तिला उरलेली सगळी हळद दिली आणि ती कशी साठवायची यावर सविस्तर भाषण केलं, जे तिला अजिबात कळलं नाही.

मुक्ताची पिशवी बांधलेली होती. ती पायापाशी ठेवून ती उभी होती. शब्द दिला होता ना. मला मेलीला ते बघवेना. तीन वर्षं. पावसाळ्यात तर मगरी घरटी करतात आणि अंड्यांवर बसलेली आई सगळ्यात वाईट असते, हे तिनंच सांगितलं होतं. सांगलीत कॉलेजात जागा निघणार आहे. घर आहे, गच्ची आहे, नळाचं पाणी आहे. एवढं सगळं ओठांवर आलं होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

बोटीचा भोंगा झाला. आम्ही चढलो. मुक्ता खालीच उभी, पिशवी उचलू की नको अशी.

"आई, काय ते बोल की आता," ती म्हणाली.

माझ्या तोंडातून नको निघालं नाही. हो पण निघालं नाही. कठड्यावरून वाकून मी ओरडले, "पोरी, पाण्याला पाठ दावू नगं!"

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं पिशवी तिथंच राहू दिली आणि दोन्ही हात वर केले. दहाही बोटं मला दिसली. दोर सुटला, बोट हलली, मधलं पाणी रुंद व्हायला लागलं. हे माझ्या शेजारी नाक ओढत होते. मुक्ता वळली नाही. तोंड आमच्याकडं ठेवून, आमच्या घाटावर चढतात तशी, धक्क्यावरून मागं मागं सरकत गेली.